सर्व्हर किती डाऊन आहे, हे कुणी मोजले?

२०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला. अर्जाची शेवटची तारीख ३१ जुलै होती, ती ३ ऑगस्ट झाली. पुढच्या वर्षी १५ जुलैची ३१ जुलै झाली. त्याच महिन्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले आणि १५ जुलैची मुदत ३१ ऑगस्टवर गेली. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये ग्रामपंचायतीच्या उमेदवारी अर्जांना ऐन शेवटच्या टप्प्यात तांत्रिक अडचणी आल्या आणि राज्य निवडणूक आयोगाला कागदावर अर्ज घ्यायची मुभा द्यावी लागली. कारणे दर वेळी थोडीफार वेगळी असतील, पण साईट चालत नाही ही तक्रार प्रत्येक ठिकाणी होतीच.

मुदत वाढली की आपल्यालाही हायसे वाटते आणि सरकारलाही. एक परिपत्रक निघते, विषय संपतो. पण मुदतवाढीने प्रणालीत काडीचाही फरक पडत नाही. तीच गर्दी पुढच्या शेवटच्या तारखेला जमते आणि तीच चक्री पुन्हा फिरते. फारच बोभाटा झाला तर दुसरा उपाय निघतो, नवे सर्व्हर घ्या किंवा सगळे पोर्टलच नव्याने करा. माझे म्हणणे असे की हे दोन्ही उपाय अंधारात मारलेले दगड आहेत. वेळ नेमका कुठे जातो हे आधी मोजायला हवे, आणि ते मोजमाप अधिकाऱ्यांच्या स्क्रीनवर न ठेवता लोकांसमोर ठेवायला हवे.

नोकरीची बरीच वर्षे मी मुंबईत एका मोठ्या संस्थेच्या मेनफ्रेमवर, म्हणजे साऱ्या संस्थेचे काम ओढणाऱ्या एका मोठ्या संगणकावर काढली, आता सांगलीत विश्रामबागेत राहतो. या विषयावर माझा थोडा खासगी राग आहे, तो वाचकांनी वजा करून घ्यावा.

मागे एका जुलैत भाच्याच्या कामासाठी तासगाव तालुक्यातल्या एका सेवा केंद्रात बसलो होतो. दहा बाय दहाची खोली, एक लॅपटॉप, अंगठ्याचे मशीन, लॅमिनेशनचा वास. केंद्र चालवणारी मुलगी बी.कॉम. झालेली. तिच्याकडे दोन कंपन्यांची सिमकार्डे होती, एकाची रेंज गेली की दुसऱ्याचा हॉटस्पॉट. एकच अर्ज तिने तीन टॅबमध्ये उघडून ठेवला होता. जो आधी उघडेल त्यात माहिती भरायची. पान हलले नाही की रिफ्रेश. ओटीपी यायचा, पण तोवर पानाची वेळ संपलेली असायची, मग पुन्हा पहिल्यापासून. बाहेर पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला ती म्हणाली, "आबा, सकाळी आठच्या आत या, न्हायतर रात्री धानंतर. अकरा ते चार निस्ती चक्री फिरतीया." तिच्या ड्रॉवरमध्ये एक शंभरपानी वही होती. तारीख, वेळ आणि पुढे तीनपैकी एक शेरा: चालू, स्लो, बंद. लोक भांडायला लागले की दाखवायला ठेवली आहे, असे तिने सांगितले.

सरकारी संगणकाच्या कामगिरीची लोकांच्या बाजूने ठेवलेली नोंद म्हणून मला आजवर पाहायला मिळालेला दस्तऐवज तेवढाच.

त्या तीन टॅबकडे जरा बारकाईने पाहायला हवे, कारण अर्धा रोग तिथेच कळतो. सर्व्हर हळू चालतो म्हणून केंद्रवाले तीन टॅब उघडतात. राज्यभर हजारो केंद्रांनी हेच केले की एका अर्जाच्या तीन विनंत्या जातात, त्यावर रिफ्रेशच्या आणखी दोन. रिफ्रेश केले म्हणून जुनी विनंती रद्द होतेच असे नाही. सर्व्हर ती इमानेइतबारे पुरी करतो आणि जे पान केव्हाच बंद झाले त्याला उत्तर पाठवतो. म्हणजे ऐन गर्दीत यंत्र राबत असते, पण कामाचा मोठा वाटा निघून गेलेल्या गिऱ्हाइकांसाठी असतो. अशा वेळी दुप्पट ताकदीचा सर्व्हर आणला तर तो दुप्पट वेगाने वाया गेलेले काम करील. उपाय साधा असतो. आलेल्या अर्जाला टोकन द्यायचे, त्याच टोकनची दुसरी विनंती आली तर ती वेगळी धरायची नाही, आणि "तुमचा नंबर इतका, इतक्या मिनिटांनी" असे पानावर दाखवायचे. नंबर दिसला की माणूस थांबतो. बँकेत, दवाखान्यात थांबतोच की.

आता हे मोजायचे काम सध्या कसे होते ते पाहू. सरकारी कंत्राटांत सहसा एक आकडा असतो, उपलब्धता ९९ टक्के, कधी ९९.५ टक्के. ऐकायला भरभक्कम वाटतो. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. त्याचा एक टक्का म्हणजे ७ तास १२ मिनिटे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेपाच प्रणाली पूर्ण झोपली, तरी महिन्याची उपलब्धता ९९ टक्क्यांवरच राहते आणि कंत्राटदाराला एक रुपयाचा दंड लागत नाही. त्यात नियोजित देखभालीचे तास बहुधा हिशेबातच धरत नाहीत. शिवाय "उपलब्ध" म्हणजे काय, तर एका यंत्राने विचारले "आहेस का?" आणि दुसऱ्याने सांगितले "आहे". अर्जाचे पान उघडायला चार मिनिटे लागली तरी यंत्र "आहे"च म्हणते.

सरासरीचेही तेच. रात्री दोनला कोण सातबारा काढतो? रात्रीचे रिकामे तास मिळवून सरासरी काढली की दुपारचा बारा वाजलेला आकडा पार झाकला जातो. म्हणून या धंद्यातले जाणते लोक सरासरी विचारत नाहीत. ते विचारतात, सर्वांत जास्त गर्दीच्या तासात शंभरातल्या पंचाण्णव जणांचे काम किती सेकंदांत झाले?

रांगेचे गणितही इथे समजून घ्यायला हवे, कारण मंत्रालयापासून तहसीलपर्यंत सगळ्यांची फसगत तिथे होते. एक खिडकी आहे आणि एकाच्या कामाला सरासरी एक मिनिट लागते, कुणाला कमी, कुणाला बरेच जास्त, असे धरा. लोक कधीही येतात, वेळ ठरलेली नाही. खिडकी निम्मा वेळ कामात असेल तर माणसाला रांगेसकट सरासरी दोन मिनिटे लागतात. ८० टक्के वेळ कामात असेल तर पाच मिनिटे, ९० टक्के असेल तर दहा, ९५ टक्के असेल तर वीस. खऱ्या प्रणालीत खिडक्या अनेक असतात, आकडे बदलतात, पण चढण अशीच असते: बराच वेळ सपाट आणि शेवटी एकदम कडा. म्हणून "सर्व्हर ९० टक्केच वापरात आहे, अजून दहा टक्के शिल्लक आहे" हे वाक्य ज्याच्या तोंडून निघते त्याला रांग कळलेली नाही. याच गणितात दिलाशाची गोष्टही आहे. ९५ टक्क्यांवरचा भार ८० वर आणला, म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा कमी केला, तरी वेळ विसावरून पाचवर येतो. एवढा भार नको ती कामे काढूनच कमी होतो, त्याला नवे यंत्र लागत नाही.

मेनफ्रेमच्या जमान्यात हे सगळे लोकांना पाठ होते, कारण यंत्र महाग होते. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टीम ३६० जाहीर केली. त्या घराण्याच्या यंत्रांत पुढे प्रत्येक कामाची नोंद आपोआप होऊ लागली: किती सेकंद प्रोसेसर वापरला, डिस्कवर किती वेळा गेला, किती वेळ नुसता वाट पाहत उभा राहिला. महिन्याच्या शेवटी त्या नोंदींवरून प्रत्येक विभागाच्या नावे खर्च पडायचा. अमेरिकेत १९६५ च्या ब्रूक्स कायद्याने सरकारी संगणक खरेदी एका चौकटीत आणली आणि १९७२ मध्ये तिथे फेडसिम नावाचे केंद्र सुरू झाले. सरकारी खात्यांच्या संगणकांची कामगिरी तपासणे, गरज पडली तर तिचे प्रतिरूप करून पाहणे, हे त्याचे काम. म्हणजे खाते "मोठे यंत्र हवे" म्हणाले की आहे ते यंत्र काय करते आहे, हे तपासून सांगणारा तिसरा माणूस हजर होता. आपल्याकडे १९७६ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र म्हणजे एनआयसी स्थापन झाले, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत संगणक पोहोचवण्याचे मोठे काम त्याने केले हे मान्यच करायला हवे. पण बांधणाऱ्यानेच स्वतःच्या बांधकामाचे मोजमाप करायचे आणि स्वतःजवळच ठेवायचे, ही रीत आपण बदलली नाही.

यंत्रे स्वस्त झाली तशी मोजायची सवय सुटली. मोजल्याने काय साधायचे याचे आमच्या काळातले एक उदाहरण देतो. रात्रीचे एक काम पहाटेपर्यंत चालायचे, सकाळचे काउंटर उघडायला उशीर व्हायचा. वर पत्र गेले, मोठे यंत्र द्या. एका वरिष्ठाने नोंदी मागवल्या. प्रोसेसर जवळजवळ रिकामा होता, सगळा वेळ डिस्कची वाट पाहण्यात जात होता. पाहिले तर फाईलमधल्या ८० अक्षरांच्या ओळी एकेक करून वाचल्या जात होत्या, प्रत्येक ओळीला डिस्कची एक फेरी. त्या डिस्कच्या एका ट्रॅकच्या, म्हणजे तिच्यावरच्या एका गोल पट्टीच्या, निम्म्या भागात २७,९२० अक्षरांचा गठ्ठा बसत असे, म्हणजे ३४९ ओळी एका फेरीत. बदल केला तो फाईलच्या व्याख्येतल्या एका आकड्याचा. काम मध्यरात्रीच्या आत संपू लागले. मोठ्या यंत्राच्या मागणीची कागदी फाईल मात्र पुढे बरेच दिवस टेबलांवरून फिरत होती, तिला थांबवणे जास्त अवघड गेले!

आणि खरी गोम इथेच आहे. खरेदीला फाईल असते, तरतूद असते, निविदा असते, उद्घाटन असते. ट्यूनिंगला, म्हणजे आहे तीच प्रणाली नीट लावून घेण्याला, यातले काहीच नसते. एखाद्या तिशीतल्या अभियंत्याने गट नंबरावर इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागे असते तशी सूची, नाही हे शोधून काढले आणि लाखो नोंदी पहिल्यापासून चाळणारा शोध क्षणात आणून ठेवला, तर त्याचा फोटो कुठे छापून येणार? ज्या डेटाबेसवर लोकांचे अर्ज नोंदवले जातात त्यातूनच भर दुपारी आढावा बैठकीचे अहवाल काढायचे, तेही छत्तीस जिल्ह्यांनी एकाच वेळी, ही पद्धत जिथे असेल तिथे ती बंद करायला एक पैसा लागत नाही. लागतो तो "साहेब, अहवाल कालच्या आकड्यांवर घ्या" असे म्हणणारा माणूस. पानांच्या वजनाचेही तसेच. खेड्यातल्या रेंजवर आधी मान्यवरांचे फोटो असलेली पट्टी उतरते, मग फिरती घोषणा, मग अर्ज. ते फोटो काढून पाहा म्हणावे. पण हा ट्यूनिंगचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत धोकादायक प्रकार आहे, हे मला कळते.

बाहेरचे एक उदाहरण घेऊ. अमेरिकेत ऑक्टोबर २०१३ मध्ये आरोग्य विम्याचे सरकारी संकेतस्थळ सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी कोसळले. त्या दिवशी सहा जणांची नोंदणी पुरी झाली. पुढे मदतीला आलेल्या तंत्रज्ञांनी प्रथम प्रणालीवर मोजमापाची साधने बसवली, कारण आत काय चालले आहे हे एका जागी कुणालाच दिसत नव्हते. महिनाभरात पानाला लागणारा सरासरी वेळ आठ सेकंदांवरून एका सेकंदाच्या आत आला, चुकांचे प्रमाण सहा टक्क्यांवरून एक टक्क्याच्या खाली आले, आणि हे आकडे सरकारने १ डिसेंबरच्या अहवालात स्वतः जाहीर केले. यंत्रेही वाढवली होती, नाही असे नाही. पण कुठली वाढवायची हे मोजल्यावर ठरले.

आपल्या रेल्वेनेही काही धडे घेतले आहेत. ऑगस्ट २०१४ मध्ये ई-तिकिटांची क्षमता मिनिटाला २,००० वरून ७,२०० वर नेली, आणि पुढच्या वर्षी तत्काळची वेळ फोडली: वातानुकूलित वर्गासाठी सकाळी दहा, बाकीच्यांसाठी अकरा. दुसऱ्या बदलाला यंत्र लागले नाही. पीकविम्याच्या शेवटच्या आठवड्यात असे तालुकावार वार का ठरवून देता येऊ नयेत? सोमवारी जत आणि आटपाडी, मंगळवारी मिरज आणि तासगाव. शेतकऱ्याचीही खेप वाचेल.

इथे कुणी म्हणेल की दोष सर्व्हरचा नाही, खेड्यातल्या नेटचा आहे. जतच्या पूर्व भागात किंवा शिराळ्याच्या डोंगरात हे पुष्कळदा खरे आहे, आणि म्हणूनच मोजायला हवे. अर्जाच्या प्रवासात नेटवर किती सेकंद गेले, वेब सर्व्हरवर किती, डेटाबेसमध्ये किती आणि आधार पडताळणीसारख्या बाहेरच्या सेवेची वाट पाहण्यात किती, हे चारही भाग वेगळे काढता येतात. ते काढले नाहीत तोवर तलाठी मुंबईकडे बोट दाखवणार, मुंबई दूरसंचार कंपनीकडे आणि कंपनी पावसाकडे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आकडा जाहीर केला की लोक आकडाच सजवतात. पहिले पान झटकन उघडेल असे करतील आणि आतला अर्ज तसाच रखडेल. हे होईल, होतेच. म्हणून मोजमाप काउंटरवरून व्हावे, तेही पुऱ्या कामाचे: नाव टाकल्यापासून पावतीची प्रिंट हातात येईपर्यंत. आणि ते कंत्राटदाराने करू नये. प्रत्येक तालुक्यातल्या दोन-चार सेवा केंद्रांवर एक छोटा प्रोग्राम ठेवून दर तासाला एक चाचणी अर्ज भरून पाहता येतो. त्याचा भार नगण्य असतो, आणि त्यात कुणाची खासगी माहितीही नसते.

सांगलीकरांना जाहीर आकड्याची ताकद वेगळी सांगायला नको. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी पावसाळ्यात पोराटोरांच्या तोंडी असते. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस फूट धोका, आणि २०१९ ला ती ५७ फुटांच्या वर गेली होती हे कुणीही सांगेल. त्या आकड्यावर माणसे जनावरे हलवतात, दुकानातला माल वरच्या मजल्यावर नेतात. पाटबंधारे खात्याने हाच आकडा "महिन्याची सरासरी पातळी समाधानकारक" असा दिला असता तर? सरकारी पोर्टलचा कारभार आज त्याच भाषेत चालतो.

कायद्याचाही इथे एक खड्डा आहे आणि त्याची चर्चा मला फारशी दिसत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चांगला कायदा आहे. ठरलेल्या दिवसांत दाखला मिळाला नाही तर दोन अपिले करता येतात, मग लोकसेवा हक्क आयोगाकडे जाता येते, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण हे दिवस मोजायचे ते अर्ज मिळाल्यापासून. ज्या अर्जाला सर्व्हरने घेतलेच नाही त्याचे घड्याळ सुरूच होत नाही. चार दिवस हेलपाटे घालून पाचव्या दिवशी ज्याचा अर्ज गेला, त्याच्या नावे शासनाच्या दफ्तरी उशीर शून्य. म्हणजे प्रणाली जितकी निकामी, तितका तिचा कायदेशीर अहवाल स्वच्छ! त्यामुळे अर्धवट राहिलेल्या प्रत्येक प्रयत्नाला वेळेसह क्रमांक मिळाला पाहिजे आणि तोच क्रमांक मुदतीसाठी ग्राह्य धरला पाहिजे. हे झाले तर मुदतवाढीची परिपत्रकेही काढावी लागणार नाहीत; ज्याने मुदतीत प्रयत्न केला त्याचा पुरावा त्याच्या हातात असेल.

पुढची निविदा निघेल तेव्हा तीत काय लिहावे हे मी सांगतो. उपलब्धता कार्यालयीन वेळेत मोजावी, आणि मुदतीच्या शेवटच्या आठवड्यातला एक तास इतर चार तासांच्या बरोबरीने धरावा. गर्दीच्या तासात शंभरातले पंचाण्णव अर्ज किती सेकंदांत पुरे व्हायला हवेत तो आकडा लिहावा आणि देयक त्याला बांधावे. मागच्या जुलैइतका भार कृत्रिमरीत्या टाकून चाचणी झाल्याशिवाय प्रणाली सुरू करू नये. आणि नव्या यंत्राच्या प्रत्येक मागणीसोबत आहे त्या यंत्राच्या शेवटच्या गर्दीच्या आठवड्याचे मोजमाप जोडणे सक्तीचे करावे. शेवटची अट एकटी लागू झाली तरी निम्म्या मागण्या टेबलावरच विरतील असा माझा अंदाज आहे.

तोवर सामान्य माणसाच्या हातात माहितीचा अधिकार आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिनाला तोंडी गाऱ्हाणे मांडण्यापेक्षा दहा रुपये भरून लेखी विचारावे: अमुक योजनेच्या शेवटच्या सात दिवसांत दर तासाला किती अर्ज सुरू झाले, किती पूर्ण झाले आणि शंभरातले पंचाण्णव अर्ज किती वेळात पुरे झाले, याची नोंद द्यावी. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आकडे मिळाले तर चांगलेच. "माहिती उपलब्ध नाही" असे उत्तर आले तर तेही नीट जपून ठेवावे, कारण कुणी मोजतच नाही हे मग शिक्क्यानिशी आपल्या हातात असेल, आणि पुढचे अपील तिथून सुरू करता येईल.